घोंगडीखालची ठिणगी

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी सातवीच्या मुलींच्या वह्या तपासत होते. गॅरेजशेजारच्या हॉटेलवाल्याचा फोन होता. "मिस्त्रींनी सकाळी शटर उघडलं, खुर्चीत बसले, मी चहा ठेवला, तो तसाच राहिला..." एवढंच तो बोलला. मी चालत गेले. औरादच्या रस्त्यावर तेव्हा रिक्षा उभ्या होत्या, पण मला लवकर पोचायचंच नव्हतं. अण्णा खुर्चीत मान कलती करून बसला होता आणि मांडीवर घोंगडीची नीट घडी होती. त्याला जन्मात कधी घडी घालता आली नाही. ती मी आदल्या दिवशी संध्याकाळी घालून ठेवलेली. आता दीड महिना झाला, तरी डोळे मिटले की मला आधी ती घडी दिसते आणि मग तो.

अण्णा म्हणजे माणिक, माझा थोरला भाऊ, गावाचा माणिक मिस्त्री. आमचं घर मूळचं मेंढरांचं. ही घोंगडी आप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, काळ्या मेंढीच्या लोकरीची, इतकी दाट की तिच्यातून उजेडाचा कणही आत येत नसे. थंडीत पहाटे आप्पा मेंढरं घेऊन निघाले की आम्ही दोघं तिच्याखाली शिरायचो. अण्णा ती अंगावर खसाखसा घासायचा आणि अंधारात बारीक निळ्या ठिणग्या उडायच्या, तडतड आवाज करत. तो म्हणायचा, सुभे, मोज. मी मोजायचे आणि मोजता मोजता झोपून जायचे. आयुष्यात पुढे मी बरंच काही पाहिलं, पण त्या ठिणग्यांइतकं जवळचं काही नाही.

पुढे मी शाळेत शिकवायला लागले आणि तो हैदराबादला काम शिकून परत आला. बसस्टँडच्या पुढे त्यानं पत्र्याचं गॅरेज टाकलं. त्याच सुमारास गावात जुन्या मोटारी यायला लागल्या होत्या, मोठ्या शहरांत नवीन गाड्या आल्या म्हणून इकडे उतरलेल्या. अशा गाडीचं एकच दुखणं फार, चावी फिरवली की इंजिन नुसतं घरघर फिरायचं, सुरू काही व्हायचं नाही. मालक घाबरून सगळंच बदलायला निघायचा. अण्णा बॉनेटला हातसुद्धा लावायचा नाही. शेजारी उभा राहून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "इंजिन फिरायलंय म्हंजे ब्याटरी जित्ती हाय. आता दोनच गोष्टी इचारायच्या. तेल पोचायलंय का, अन् ठिणगी पडायलीय का."

ठिणगी बघायची त्याची रीत पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाची नव्हती. तो इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढायचा, पुन्हा त्याच्या वायरीत अडकवायचा आणि इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवायचा. मग पेट्रोलचा वास पूर्ण उडून जाईपर्यंत थांबायचं, लोक कितीही घाई करोत. आमच्याकडच्या उन्हात ठिणगी दिसणं कठीण, म्हणून शेवटी आप्पांची घोंगडी डोक्यावरून थेट इंजिनावर. आतून तो ओरडायचा, फिरवा चावी. निळी कडक ठिणगी पडली तर वीज ठीक, मग तेलाकडे, म्हणजे पेट्रोलकडे बघायचं. पिवळी, मरगळलेली असली तर दोष विजेच्या वाटेवर. अजिबात नसली तर वायरीपासून सुरुवात. मोठ्या गावचे मिस्त्री हसायचे, पण अण्णानं घोंगडीखालून सांगितलेलं कधी चुकलं नाही.

एकदाच चुकलं. शाळा सुटल्यावर मी त्याचा डबा न्यायला गेले होते. वारा होता म्हणून त्यानं मला घोंगडीचं टोक धरायला आत घेतलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं तिच्याखाली होतो. बाहेर मालकानं चावी फिरवली आणि माझ्या डोळ्यांसमोर टचटच निळी ठिणगी पडली, स्वच्छ. अण्णा म्हणाला, ठिणगी न्हाई. मला वाटलं, आपल्याला काय कळतंय. तासभर त्यानं विजेची कॉइल काढली, वायरी बदलल्या, घामाघूम झाला, आणि शेवटी निघालं काय, तर पेट्रोलच्या नळीत कचरा. मालक गेल्यावर तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"सुभे, खरं सांग. दिसली हुती का तुला?"

"दिसली अण्णा. निळी."

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "इजूला सांगू नगंस."

विजय त्याचा मुलगा, पुण्याला मोटारींच्या कारखान्यात लागलेला. त्याला कळलं असतं तर तो दुसऱ्याच दिवशी येऊन बापाला घेऊन गेला असता, आणि त्याच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात बसून मी काय ऐकू, हे अण्णाचं म्हणणं होतं. बिदरच्या डॉक्टरांकडे आम्ही गुपचूप जाऊन आलो. डोळ्याची नस सुकत चाललीय, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधानं टिकवू, असं ते म्हणाले. परतताना एसटीत मला अण्णाचा फार राग आला होता. एवढी मोठी गोष्ट त्यानं माझ्या गळ्यात का बांधावी?

पण बांधली आणि मी बांधून घेतली. तेव्हापासून चार वर्षं, शाळा सुटली की मी गॅरेजवर. अण्णानं गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, सुरू होत नसलेली गाडी साडेचारनंतरच आणायची, उतरत्या उन्हात ठिणगी खरं बोलती. लोकांनी तेही मानलं! मिस्त्रीचा मुहूर्त म्हणायचे. चाचणीला गाडी स्वतः चालवणं त्यानं सोडून दिलं, मालकालाच म्हणायचा, तुमी फिरवून आणा, मी आवाज ऐकतो. एका मुलीचे वडील मला म्हणाले, "बाई, घोंगडीत काय शाळा भरवायलाव?" मी म्हटलं, व्हय, एकच विद्यार्थी हाय. आत मात्र आम्ही बोलायचो नाही. निळी दिसली की मी त्याच्या मनगटावर बोट एकदा दाबायचे, पिवळी दिसली की दोनदा. तो हळूच "व्हय" म्हणायचा आणि बाहेर येऊन निकाल सांगायचा. बाकीचं सगळं त्याच्या हातांना पाठ होतं. पुढे बंद डब्यासारखी इंजिनं असलेल्या नव्या गाड्या आल्या, गिऱ्हाइकं कमी झाली, तरी त्या लोकरीच्या वासात, त्या काळोखात, माझे दिवसातले सर्वांत शांत क्षण जात होते. शाळेतून निघताना मला घरी नाही, तिथे जायची ओढ असायची.

तेराव्यानंतर विजयनं अण्णाची जुनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं. विजयनं चावी फिरवली, इंजिन फिरत राहिलं, सुरू होईना. गिऱ्हाईक हसलं. "मिस्त्रीचीच गाडी, अन् चालू होईना व्हय." विजय खाली मान घालून दुसऱ्या मेकॅनिकचा नंबर शोधू लागला. मला ते सोसलं नाही. मी पदर खोचला. प्लग काढला, वायरीत अडकवून लोखंडाला टेकवला, वास उडेपर्यंत थांबले आणि घोंगडी अंगावर घेऊन विजयला चावी फिरवायला सांगितली. पिवळी. मग डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डबीचं, झाकण उघडून, अण्णा करायचा तसं, आतल्या काजळलेल्या पॉइंटवर काडेपेटीची खरखरीत कड फिरवून काजळी काढली. विजय बघतच राहिला. हे तुला कुठून येतं आत्या, असं त्यानं विचारलं आणि मी म्हटलं, बघून बघून आलं. विजय, ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तू आज वाचतो आहेस. मी तुला सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रागावलास तरी चालेल.

मी पुन्हा घोंगडीखाली गेले. त्यानं चावी फिरवली. अंधारात टचटच पडली, निळी, पहाटेच्या त्या ठिणग्यांसारखी. बाहेरून विजय विचारत होता, दिसली का आत्या? माझं बोट आपोआप शेजारच्या पत्र्यावर गेलं, एकदा दाबलं... आणि मी तशीच थांबून राहिले, अण्णा "व्हय" म्हणेल म्हणून.