मॅडम, तुम्ही हसायला नको होतं

दौंड स्टेशनबाहेर वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, जीपवाल्यांशी माझं भांडण चाललं होतं. जीपमध्ये माणसं जनावरांसारखी कोंबू नका, एवढंच माझ्या पत्रकात लिहिलं होतं, आणि एक ड्रायव्हर ते पत्रक चुरगाळत म्हणत होता, "ताई, मग उतरवायचं कुणाला, ते तुमीच सांगा की." तेवढ्यात फोन वाजला. खुटबावच्या आमच्या शाळेतले शिपाई, किसनमामा. "मॅडम गेल्या गं पोरी." मला वाटलं, शिरूरला गेल्या असतील, माहेरी. मामांनी नाक ओढलं. मग म्हणाले, "जिन्यात बसल्या. म्हणल्या, जरा दम खाते. मी पाणी आणाया गेलो... आलो तवा काय न्हवतंच." हृदय बरेच दिवस कुरकुरत असणार, असं नंतर डॉक्टर म्हणाले. बरेच दिवस! हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या कानातून जात नाहीत.

जगताप मॅडम आम्हाला विज्ञान शिकवायच्या. राहायच्या दौंडला आणि रोज एसटीनं खुटबावला यायच्या. मी नववीत होते तेव्हा एका शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली, कोलंबिया यान परत येताना आकाशातच तुटलं. आतले सातही जण गेले. त्यात एक बाई आपल्या देशात जन्मलेली. सोमवारी वर्गातल्या फळ्यावर त्या एकटीचं नाव, भोवती खडूची वेलबुट्टी आणि वर झेंडूचा हार. मॅडम आल्या, चप्पलसुद्धा न काढता फळ्यापाशी गेल्या आणि खाली बाकीची सहा नावं लिहिली. मागून एकजण बोललाच, "मॅडम, ते सहा आपलं कोण?" मॅडम वळल्या. "चौफुल्याला जीप उलटली तर तू काय भावकीतलीच माणसं बाहेर काढणार व्हय रं?" वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या.

पुढच्या वर्षी त्यांच्या वाचनात आलं, की यान उडालं तेव्हाच इंधनाच्या टाकीवरचा एक तुकडा सुटून पंखावर आदळला होता. जमिनीवरच्या काहींना शंका होती. त्यांनी ती बोलूनही दाखवली. पण ती वरच्या साहेबांपर्यंत पोचली नाही, पोचली तिथं कुणी मनावर घेतली नाही, आणि ते सातजण वर आपलं काम करत राहिले... मॅडमनी हे आम्हाला सांगितलं. मग म्हणाल्या, "न बोलण्यानं आन् न ऐकण्यानं माणसं गेली. आन् आपण त्यांच्यासाठी दोन मिनिटं गप उभं राहायचं? न्हाई जमणार." त्या दिवशी शंकेचा तास सुरू झाला. दर फेब्रुवारीत सात नावं वाचायची, मग एकेकानं उठायचं आणि कशामुळं कुणाचा जीव जाईल असं वाटतं, ते सांगायचं. सांगणाऱ्याला हसायचं नाही. हसला तो वर्गाबाहेर.

काय काय निघायचं त्या तासाला! शाळेमागच्या विजेच्या डीपीला दार नाही. मुतारीची भिंत कलली आहे. एकदा एका पोरानं सरळ गणिताच्या सरांवर बोट ठेवलं, "सरांच्या स्कूटरला ब्रेक न्हाई. पाय घासत थांबवत्यात." सर लालबुंद झाले, पण त्या आठवड्यात ब्रेक बसले. डीपीच्या दारासाठी मॅडम वीज ऑफिसात इतक्या वेळा गेल्या की तिथला साहेब त्यांना लांबून बघून चहाला पळायचा. मी पत्रकं वाटायला शिकले ते कुठल्या पुढाऱ्याकडून नाही, त्या तासातून शिकले. शाळा सोडल्यावरही दर वर्षी त्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे.

यंदाही बसले होते. आठवीतली मनीषा उठली. तिच्या आज्ज्याच्या, म्हणजे आबांच्या, काळापर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं घर, आता चारदोन मेंढरांसह गावात स्थिरावलेलं. पोरगी एरवी तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "मॅडम, तुमी जिना चढताना निम्म्यात थांबता. छातीवर हात असा दाबून धरता. आमची मेंढी अशी थांबाया लागली की आबा म्हणत्यात, ही न्हाई ऱ्हायची."

वर्ग खदखदून हसला. आणि मॅडमही हसल्या. खरंच हसल्या, पदर तोंडाला लावून. "बस खाली. मला मेंढी केलीस व्हय! अगं, वय झालं माझं. ही शंका तासात धरत न्हाईत." मनीषा बसली. पुढचा उठला, पाण्याच्या टाकीच्या झाकणाबद्दल बोलला. मॅडमनी ते लगेच बघायला माणूस पाठवला.

महिना व्हायच्या आत त्या गेल्या.

गेलेल्याबद्दल चांगलंच लिहायचं असतं म्हणे. मी नाही लिहिणार. मी त्यांच्यावर चिडले आहे. सगळ्या गावाला ऐकायला शिकवलंत आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तुम्ही यानाच्या त्या वरच्या साहेबांसारख्या वागलात, मॅडम. पण माझ्या रागाचं सोडा. गावानं काय केलं ते ऐका. पाणवठ्यावर बायका म्हणायला लागल्या, "त्या पोरीची जीभ काळी. वास्तू तथास्तु म्हणती, आन् हिनं भर वर्गात मरण काढलं." मनीषाची आई मला म्हणाली, "जेवताना मीठ मागायचं तरी बोलत न्हाई ओ ती. तिला वाटतंय, तिनंच मारलं." खरं बोललेल्या पोरीच्या गळ्यात मरण बांधलं. याला काय म्हणायचं ते माझ्या कुठल्याच पत्रकात छापता येणार नाही.

शाळेत शोकसभा झाली. आमच्याकडं शोकसभा म्हणजे माईक आणि पुढारी. संस्थेचे अध्यक्ष आप्पा बोलले, दोन सरपंच बोलले, एकाला तर मॅडमचं नावच येत नव्हतं. मग माजी विद्यार्थिनी म्हणून मला उभं केलं. मी म्हणाले, "मॅडमचं चुकलं. मनीषाचं बरोबर होतं. शंका बोलल्यानं कुणी मरत नाही, न ऐकल्यानं मरतं. हे खुद्द मॅडमनी शिकवलंय." आप्पा खुर्चीतून म्हणाले, "गेलेल्या माणसाला असं बोलू न्हाई, पोरी." मी म्हणाले, "आप्पा, मग जिवंत पोरीला बोलावं का?"

आठवीच्या रांगेतून मनीषा उठली. "मी... मी परत सांगाया पायजे हुतं," ती म्हणाली. मग एकदम, जणू मॅडम समोरच बसल्या आहेत अशी, "पर तुमी हसाया नको हुतं."

पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. आप्पांनी हात हलवला, "बसवा रं तिला खाली."

दारात किसनमामा उभे होते. एवढ्या वर्षांत या माणसाचा सभेत आवाज निघालेला मी ऐकला नव्हता. "आप्पा," ते म्हणाले, "बोलू द्या तिला. एकदा बसवली व्हती, तेवढी बास झाली."

मनीषा उभीच राहिली. रडत होती, पण उभी होती. आणि या वेळी कुणीच हसलं नाही.