शिशी हाय, बूच न्हाई

निजामाच्या राज्यातली आठवण म्हणलं की तुमी सरसावून बसला असाल. आता घोडे येतेत, बंदुका वाजतेत, मी कुठंतरी झेंडा लावतो! बसा निवांत. ह्यात एक घोडा हाय, पण त्येला खरूज झालेली हाय.

आमच्या गावात सरकारी दवाखाना व्हता. औषधाला शिशी मातर आपल्या घरून न्यायची. शेजारची मावशी हिवतापानं एक दिसाआड थडथड उडायची, आन त्यात ज्वारीची काढणी तोंडावर. काढणीला गेली तर वर्षाची ज्वारी घरात, न्हाई तर रिकामं गाडगं. ती तापावरचं कुनैन आणायला गेली की कंपाउंडर शिशी उजेडात धरून म्हणायचा, "बूच नै? कल आव." बूच नेलं तर, "शिशी मैली है. कल आव." आन तिच्या म्होरून देशमुखाच्या घोड्याच्या खरजेला डबाभर मलम जायचं. घोड्याला कुणी बूच इचारलं न्हाई.

गल्लीतल्या बायांनी ठरवलं, शिमग्याला तहसीलदार गावात येतेत, त्यांच्या कानावर घालायचं. पण अर्ज उर्दूत लागायचा, आन तोंडानं बोलायची कुणाची छाती? समद्यांनी माझ्याकडं बघितलं. मी शाळेत हेडमास्तरापासून पार गावच्या रेड्यापस्तोर नकला करायचो.

चावडीपुढं सोंगं लागली. मी काजळाच्या मिशा काढून घुसलो. उजवीकडं उडी मारली की कंपाउंडर, डावीकडं मारली की मावशी. "बूच नै!" थडथड थडथड. "कल आव!" थडथड थडथड. मंग मधी उडी मारून असा खिंकाळलो, की लोक लोळायले. तहसीलदाराच्या तोंडातलं पान सदऱ्यावर आलं. एकटा कंपाउंडर तेवढा हसंना.

हसता हसता तहसीलदार थांबले. "ये सच है?"

माझी तर जीभच उचलंना. बोलायला मला कायम दुसऱ्याचा आवाज लागायचा, आपल्या आवाजाची सवयच न्हवती.

तवा घोंगडी पांघरून बसलेली मावशी उठली. शिशी वर धरली. शिशीच्या तोंडाला कापसाच्या पळाटीचा तुकडा ठोकलेला.

"सरकार, ह्ये बूच चालतंय का, इचारा त्येला."

तिच्या मागं दुसरी बाई उठली, मंग तिसरी, मंग सारी गल्ली. जिकडं बघावं तिकडं शिश्याच शिश्या!

तहसीलदारांनी दवाखान्यातनं औषध आणवून मावशीची शिशी तिथंच भरली. हुकूम सुटला, जो आधी येईल त्येला आधी औषध, आन गल्लीतल्या दोन बाया रोज दवाखान्यात बसून बघतील. देशमुखाचा घोडा रांगंत मागं गेला.

थोड्याच दिसांनी मावशी काढणीला निघाली. मला बघितलं, विळा कमरंला खोवला आन माझा कान धरला. हात जरा बी थडथडला न्हाई.

"मुडद्या, साऱ्या गावापुढं मला उडवलंस? मी काय अशी बेडकावानी उडत व्हते व्हय रे? आन त्यो घोडा बरा माझ्यापरीस चांगला काढलास!"