कप्तानाची जांभई

परवा आत बायकोचं ऑपरेशन चाललं होतं. बाहेर बाकावर मी आणि लेक. स्पिरिटचा वास आला आणि मी थेट एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या आमच्या सिंदी गावात, गणपतीच्या मांडवात पोचलो. तिथे याच वासाच्या गोंदानं मला मिशा चिकटवल्या होत्या. नाटकात मी लढाऊ जहाजाचा कप्तान होतो. आमच्यापैकी समुद्र पाहिला होता तो फक्त नौदलातून परतलेल्या बापूकाकांनी. तालमीत मी असा गरजलो, की मांडवावरची कबुतरं उडाली.

"काऊन बोंबलून राह्यला बे?" काका म्हणाले. "आमचा पहिला कप्तान असाच बोंबले. पोरायचे हात थरथरत. दुसरा मात्र तोफा सुरू झाल्या का मोठ्ठी जांभई दे. आमाले वाटे, याले झोप येऊन राह्यली, म्हंजे भेवाचं काई नाई."

"खरंच झोप ये त्याले?"

"झोप कायची? लढाई सरल्यावर कठडा धरून उभा होता. पाय लटपटत होते त्याचे."

कप्तानच जांभया देऊ लागला तर सिंदीचं पब्लिक घोरेल, म्हणून प्रयोगातही मी गरजलोच. टाळ्याही घेतल्या.

"बाबा, आईला काही होणार नाही ना?" लेकीनं विचारलं.

दोन रात्री जागा होतो, तरी डोळ्यांत झोप नव्हती. मी सावकाश हात ताणले आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी जांभई दिली. लेक माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

पाय माझेही लटपटत होते, पण ते बाकाखाली होते.