रांजणातली भीमा-गोदावरी

रांजणातलं पाणी तळाला गेलं होतं आणि भूगोल परिषदेचा दीड दिवस अजून बाकी होता. बाहत्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. येणारा टँकर आलाच नव्हता.

मी तेव्हा उस्मानाबादच्या एका कॉलेजात भूगोलाचा लेक्चरर आणि परिषदेचा स्थानिक सेक्रेटरी. म्हणजे भाषणं मोठ्यांनी करायची आणि बोलणी मी खायची.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "पोरं चक्कर येऊन पडली तर जबाबदार कोण? संध्याकाळच्या एस्टीनं सगळ्यांना परत पाठवा."

"सर, आपल्याकडं अशी परिषद पहिल्यांदाच होतेय. आपल्या पोरांचे पेपर उद्या आहेत."

"पाणी आहे का?"

पाणी तसं होतं. 'अंथरूण-पांघरुणासोबत पिण्याचे पाणीही आणावे,' असं मी परिपत्रकात छापलं होतं. नांदेड, लातूर, सोलापूरहून मंडळी फिरकीचे तांबे, कॅनव्हासच्या छागला, दुधाचे कॅन घेऊन आली होती. पण ज्याचं पाणी त्याच्या उशाशी. आमच्या होस्टेलची पोरं मात्र कोरडी.

जेवणानंतर मी हॉलमध्ये उभा राहिलो. "ज्याच्याजवळ असेल ते पाणी रांजणात ओता. नाहीतर परिषद आजच संपेल."

कुणी उठेना. एक वयस्कर शिक्षक खाकरले. "पाणी द्यायला काही नाही हो. पण कुणाकुणाचं एकत्र होणार, आणि ते..."

वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. पुढचं मला पाठ होतं. दाराशी माझे वडील बसले होते. लेकाची परिषद बघायला भूमजवळच्या आमच्या गावाहून आले होते. छप्पन्नानंतर आम्ही बौद्ध झालो, पण गावची विहीर होती तशीच राहिली. वडील मान खाली घालून फरशी बघत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण सेक्रेटरीला चिडायची सोय नसते.

तेवढ्यात अध्यक्षबाई उठल्या. नांदेडच्या, साठीला आलेल्या. सकाळी त्यांचं भाषण जलविभाजकावर झालं होतं. जलविभाजक म्हणजे डोंगराचा असा माथा, की त्याच्या एका अंगाचा पाऊस एका नदीला जातो आणि दुसऱ्या अंगाचा दुसरीला. आमच्या बालाघाटावर गोदावरी आणि भीमेचं पाणी असंच फुटतं, ते पुन्हा एकत्र येत नाही.

बाईंनी तांब्याची फिरकी उघडली. "ही माझी गोदावरी," म्हणाल्या आणि रांजणात ओतली. "सोलापूरकर, भीमा आणा बघू!"

कुणीतरी हसलं. मग बाकं सरकली. छागला आल्या, कॅन आले, लातूरची मांजरा आली. खाकरलेले शिक्षकही शेवटी मुकाट्यानं आपला तांब्या उपडा करून गेले. फळ्यावर या नद्या मी कायम वेगवेगळ्या खडूनं काढत आलो होतो.

"बाबा, तुम्ही वडीलधारे. पहिलं पाणी तुम्ही घ्या," बाई म्हणाल्या.

वडील उठले. रांजणापासून चार हात दूर थांबले, वाकले आणि ओंजळ पुढं केली. वरून कुणीतरी ओतेल म्हणून. जन्माची सवय.

बाई चालत त्यांच्याजवळ गेल्या आणि ओगराळं त्यांच्या हातात दिलं. "असं नाही. तुमच्या हातानं घ्या. आणि मलाही वाढा."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी ओगराळं बुडवलं. आधी बाईंचं फुलपात्र भरलं, मग स्वतः प्याले.

"कसं आहे पाणी?" बाईंनी विचारलं.

"जरा मचूळ हाय," वडील म्हणाले. "पर लई थंड."

पाठीमागं रांग लागली. वडील वाढत होते आणि माणसं पीत होती. दुसऱ्या दिवशी पोरांचे पेपर झाले. प्राचार्यांनी समारोपात नियोजनाबद्दल माझं कौतुक केलं. नियोजन कसलं, टँकर आला नाही एवढंच.

पुढं कितीतरी परिषदा भरवल्या. चांगल्या पावसाच्या वर्षीही परिपत्रकात मी 'पिण्याचे पाणी सोबत आणावे' हे छापतच राहिलो. नळ असताना पाणी कशाला, असं लोक विचारायचे. ओतायला, मी सांगायचो.