गॅसातले खडे

गंगी, तुझ्याबद्दल लिहितेय. वाचशील आणि म्हणशील, "बाई, यात लिहाले काय हाय?" म्हण खुशाल. आता लोकांना ऐकू दे.

तर वणीकडच्या एका वीजकेंद्रात गंगी राठोड खडे निवडायची. तांदळातले नव्हे, कोळशातले. पट्ट्यावरून कोळसा धावायचा, दोन्ही बाजूंना बाया उभ्या. दगड दिसला की उचलायचा आणि मागे फेकायचा. कोळसा काळा, दगडही काळाच. "हातात घेतला का वजनच सांगते," म्हणायची. नवरा हरिसिंग गेल्यापासून घर या पट्ट्यावरच चालत होतं.

एक दिवस साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, कोळसा बंद, आता नळानं गॅस येणार. अगदी स्वच्छ. तिकडूनच साफ होऊन येतो.

गंगीनं एवढंच धरलं, साफ होऊन येतो. म्हणजे कोणीतरी साफ करत असणार. तिनं हात वर केला.

"सायेब, साफ कुठी करते? तिथं बाया लागते का?"

हशा पिकला. शेजारची दिपाली म्हणाली, "अवं, गॅसात काय खडे राह्यते?"

"मले काय मालूम? तू पायला का आतून?"

साहेबांनी विषय बदलला. तिच्या तांड्याच्या वाटेवर माझं घर, संध्याकाळी पाणी प्यायला थांबली तेव्हा मीच सांगून टाकलं, "ते काम यंत्रं करतात. बाया लागत नाहीत."

तिनं तांब्या खाली ठेवला. "मंग थो साफ कायचा?"

मग आठवल्यासारखं म्हणाली, "बाई, एका दगडावर झाडाचं पान छापेल हाय. फेकला नाही म्या. पट्ट्याच्या शेडमंधी, पाटीखाली ठेवला."

मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. "अगं, मग आण की! कोट्यवधी वर्षांचं पान आहे ते."

"उद्या आनतो."

दुसऱ्या दिवशी पट्टा सुरूच झाला नाही. फाटकावरच बायांचे पास काढून घेतले. गंगी चौकीदाराशी भांडली, "दगडच हाय भाऊ, सोनं नाही!" तो म्हणाला, आतली वस्तू बाहेर न्यायला मनाई आहे. इतकी वर्षं तिनं दगड फेकले, तेव्हा कोणी अडवलं नव्हतं.

आता ती दालमिलमध्ये तुरीतले खडे निवडते. पाणी प्यायला अजून थांबते.

"इथले खडे लहान हायत बाई, पान नाही मावत त्याईवर," म्हणते, आणि जाता जाता, "तुमचा दगड रायलाच."