पॅनेलच्या दारातलं नाव

श्री. प्रभुलिंग शिवाप्पा हत्तरगी, वय त्रेपन्न, हुद्दा आरेखक, कॉलेजचा नवा विद्युत अभियांत्रिकी विभाग. ओळखीची खूण: उजव्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा. गोपनीय अहवालातला शेरा: ‘सहकाऱ्यांशी संबंध सलोख्याचे. विभागाच्या वस्तू जपण्यात विश्वासू.’

२००१ साली विभागात कारखान्यांत वापरतात तसलं डिझाइन सॉफ्टवेअर आलं, आणि ते पुण्यात दहा दिवस शिकून आलेल्या विद्याश्री मॅडम. वय सव्वीस. प्रभुलिंगांना ड्रॉइंगवरचं अक्षर कमवायला अकरा वर्षं लागली होती. मॅडमचं अक्षर प्रिंटर काढायचा. तो घरघरला की प्रभुलिंगांचा चहा निवायचा.

“बटण दाबल्यावर ड्रॉइंग येतंय, त्यात मॅडमचं काय? वीज मंडळाचं नाव घाला की खाली!” प्रभुलिंग म्हणायचे.

सॉफ्टवेअरबरोबर अंगठ्याएवढं एक लॉक होतं. ते कॉम्प्युटरच्या पाठीमागं खोचलं नाही, तर प्रिंटवर तिरकं ‘डेमो’ उमटे. रोज संध्याकाळी ते काढून कपाटात ठेवायचं काम, विश्वासू म्हणून, प्रभुलिंगांकडं.

विभागाचं विजेचं मुख्य पॅनेल बसलं. पॅनेलच्या दाराला आतून जोडणीचं ड्रॉइंग चिकटवतात. पुढं तीस वर्षं ते कुणी काढत नाही, आणि त्याच्या कोपऱ्यात नाव असतं. प्रभुलिंगांनी कुणी न सांगता शाईत एक करून ठेवलं. नाव आधी लिहिलं, तारा नंतर ओढल्या.

तपासणी समिती यायच्या दिवशी सकाळी कपाटात लॉक नव्हतं. दाराला लावायची मॅडमची प्रिंट ‘डेमो’सकट निघाली.

“काका, काल तुम्हीच ठेवलं की!”

“ठेवलं व्हतं. आता कपाटाचं मी काय सांगू? माझं हाय बघा तयार.”

विभागप्रमुख अमरसिंह सरांनी कागद उजेडाला धरला. “अक्षर झकास हाय. पण प्रभुलिंग, ह्यात मोटारीच्या लायनी चार. पॅनेलात सहा हाईत. मॅडमनी गेल्या महिन्यात दोन वाढवल्या, पॅनेल त्यांच्याच ड्रॉइंगवर बांधलंय.”

“मग?”

“मग काय? प्रिंटवर ट्रेसिंग पेपर टाका आणि उतरवा. डेमो तेवढं सोडा. समिती दोनला येत्या.”

प्रभुलिंग बसले. मॅडम तारांचे नंबर वाचत गेल्या, ते लिहीत गेले. सहाच्या सहा लायनी. कोपऱ्यात ठळक ‘आरेखन: विद्याश्री आजरी’, त्याखाली, सरांनीच आग्रह केला म्हणून, बारीक ‘अनुरेखन: प्र. शि. हत्तरगी’.

“किती सुंदर लिहिता हो काका,” मॅडम आपल्या नावाकडं बघत म्हणाल्या.

पावणेदोनला ड्रॉइंग दाराला चिकटलं. लॉक सकाळपासून प्रभुलिंगांच्या पँटच्या खिशात होतं.