दादा, आईचं माहेर कुठलं?

आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरांत आता चोर सहजासहजी शिरू शकत नाही. पण माझा मोठा भाऊही ऑफिसात येत नाही, आणि त्याने यावं एवढीच माझी इच्छा आहे.

कांद्याचा धंदा दादाने उभा केला. विंचूरला आमचं खळं, तिथे माल निवडून गोण्या भरायच्या. बाहेरगावचे व्यवहार नाशिकच्या ऑफिसातून मी बघायचो. आमच्यात वेगळं असं काही नव्हतंच. तसा सगळ्या कॉम्प्युटरांचा पासवर्डही एकच, कुलदैवताचं नाव. दसऱ्याला मशिनींना हळद-कुंकू लावता लावता दादानेच तो ठरवला आणि कोणी विसरू नये म्हणून चिठ्ठी करून भिंतीवर चिकटवला. मी टोकलं की म्हणायचा, "घरातल्या माणसांत कसलं रे कुलूप?"

मग एका दुपारी मालाच्या पावतीसारखी दिसणारी मेल आली, कोणीतरी ती उघडली आणि एकापाठोपाठ एक सगळ्या फायली बंद पडल्या. स्क्रीनवर खंडणीची मागणी. पासवर्ड एकच, म्हणून एकही मशीन वाचलं नाही. बॅकअपची डिस्क बारा महिने मशिनलाच जोडलेली, तीही गेली. कागदांवाचून गाड्या खळ्यावर उभ्या राहिल्या आणि भरलेला कांदा वास मारायला लागला.

नेटवर्क नीट करायला आलेल्या माणसाने नियम घालून दिले. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढंच दिसेल. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची. आणि फोनवर कोणी पासवर्ड बदलून मागितला तर आवाजावर जायचं नाही, हल्ली आवाजाचीही नक्कल होते. आधी ओळख पटवायची. दादाने सगळं ऐकून घेतलं. जेवताना म्हणाला, "म्हंजी वाटणीच झाली म्हणायची." मी हसलो. वहिनी हसली नाही.

पुढे दादा माल बघायला सटाण्याला गेला आणि तिथे त्याचा मोबाईल पडून फुटला. गाडीचे कागद काढायला तो एका व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसला, तर आठवला तो पासवर्ड चालेना. ड्रायव्हरच्या फोनवरून त्याने ऑफिसात नवा मागितला.

"सॉरी सर, हा नंबर आमच्याकडे नाही," ऑफिसातली मुलगी म्हणाली.

"अगं, मोठा शेठ बोलतोय मी!"

"आवाजावरून नाही देता येत, सर." ती रडकुंडीला आली होती. मी फोन हातात घेतला.

आवाज दादाचाच वाटत होता. विहिरीत ढकलून मला पोहायला शिकवताना वरून ओरडणारा आवाज. पण तसाच आवाज काढून लोकांना लुटल्याच्या बातम्या मी रोज वाचत होतो, आणि ती मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. तिला जो नियम, तो मालकालाही हवा. मी विचारलं, "दादा, आईचं माहेर कुठलं?"

दादाने गावाचं नाव सांगितलं, शाळेत मास्तरांना सांगावं तसं.

"अजून काय सांगू?" त्याने विचारलं.

मी चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. दुसऱ्या कोणालाही मी हेच करायला सांगेन. पण बरोबर वागूनही जीव एवढा तुटतो, हे त्या नियमांत कुठे लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून दादा खळ्यावरच असतो. आमच्यात अबोला नाही. घरी डाळिंबं पाठवतो, पोरांची चौकशी करतो. ऑफिसची पायरी मात्र चढत नाही. मी आणायला गेलो तर चहा पाजून परत पाठवतो.

परवा तो नेटवर्कवाला तपासणीला आला. म्हणाला, "मोठ्या शेठचं लॉगिन कित्येक महिने वापरात नाही. असं पडीक लॉगिन चोराच्या फार कामाचं. बंद करून टाका." त्याचं म्हणणं बिनचूक होतं. मी दादाला फोन लावला.

"दादा, तुझं लॉगिन बंद करायला सांगतायत. काय करू?"

"कर की. वापरत नाय ते कशाला ठेवायचं? जेवलास का?"

जेवलो, म्हणालो. खरं तर फोन लावला होता तो त्याने चिडावं म्हणून. "खबरदार माझं नाव तिथून काढलंस तर," असं त्याने ओरडावं म्हणून.